भामरे बाईंचा उना

भामरे बाईंचा विषय निघाला की आमच्या घरात सगळ्यांचे चेहरे उजळतात आणि मी उठून स्वयंपाकघरात चहा टाकायला जाते. इतकी वर्षं हे चाललं आहे की आता नवराही 'कुठे निघालीस' म्हणून विचारत नाही. मला त्या बाईंचा हेवा वाटायचा. याहून सौम्य शब्द मी शोधून पाहिला, मिळाला नाही. त्या दिसायला माझ्यापेक्षा उजव्या नव्हत्या, शिकवायला तर नव्हत्याच. त्यांच्याजवळ एकच गोष्ट होती. लहानपणी जत्रेतल्या तंबूत पाहिलेला एक जुना, काळापांढरा इंग्रजी सिनेमा, ज्यात समुद्रातून एक अवाढव्य राक्षस वर येतो. त्या एका राक्षसाच्या जोरावर त्यांनी नाशकातली आमची अख्खी शाळा खिशात घातली आणि जाता जाता माझी मुलगीही नेली.

मी इंग्रजी शिकवायची. भामरे बाई नव्वदच्या पुढेमागे आमच्याकडे भूगोलाला आल्या. मूळच्या कळवणकडच्या. लग्न केलेलं नव्हतं, आणि का ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की तास दुसऱ्या मजल्यावर चालू असला तरी शिपायाला खाली कळावं की आज गोदावरी उगम पावली. स्टाफरूममधल्या खुर्चीवर त्या पाय वर घेऊन चक्क मांडी घालून बसायच्या. वापरून उरलेला खडूचा तुकडा अंबाड्यात खोचून ठेवायच्या आणि मग तो सगळ्या शाळेत शोधत फिरायच्या. कशाचंही आश्चर्य वाटलं की 'माय वं!' म्हणायच्या, आणि आश्चर्य त्यांना सगळ्याचंच वाटायचं. हेडमास्तरांनी टाचणवही मागितली तरी 'माय वं!' आणि माझ्या डब्यात पुरणपोळी निघाली तरी 'माय वं!' पुरणपोळीच्या वेळी त्या अर्धी उचलायच्याही.

नकाशा टांगायची त्यांची तऱ्हा वेगळी होती. महाराष्ट्राचा नकाशा त्या इतका खाली लावायच्या की कोल्हापूर फरशीला टेकायचं. मी एकदा म्हटलं, "भामरे बाई, नकाशा जरा वर घ्या की. मागच्या पोरांना दिसत नाही."

"दिसतंय की ताई. कळवण बरोब्बर त्यांच्या डोळ्यासमोर हाय."

"आणि कोल्हापूर?"

"त्यांना काय, त्यांच्याकडं त्यांच्या बाई असतील ना."

यावर हेडमास्तरही हसले. मी हसले नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायला त्या काळात फार काही लागायचं नाही.

माझी केतकी तेव्हा पाचवीत होती, आमच्याच शाळेत, आणि भामरे बाई तिच्या वर्गशिक्षिका. ऑफ तास मिळाला की बाई खिडक्या लावून घ्यायला सांगायच्या आणि सिनेमा सुरू व्हायचा. सिनेमा म्हणजे फक्त बाई आणि त्यांचा पदर. माझा वर्ग भिंतीपलीकडेच असल्यामुळे मला तो इच्छा नसताना तोंडपाठ झाला. बंदरावर एक कुत्रं असतं, एक कान काळा, एक पांढरा. ते पाण्याकडे बघून भुंकत राहतं आणि कुणी त्याच्याकडे लक्ष देत नाही. एक डॉक्टर असतो, त्याच्या तोंडात कायम विझलेला पाईप. तो सगळ्यांना सांगत असतो, पाण्यात काहीतरी आहे, आणि त्याचंही कुणी ऐकत नाही.

बाईंनी समुद्र तोवर पाहिलेला नव्हता. त्यामुळे त्यांचा समुद्र चणकापूरच्या धरणापासून सुरू व्हायचा. "चणकापूर धरण पाहिलंय का कुणी? नाय? तर असली शंभर धरणं एकात एक ओता." बंदरावरची जहाजं पिंपळगावच्या मार्केटबाहेर कांद्याच्या ट्रकांची रांग लागते तशी लागायची. इंग्रजी सिनेमातलं शहर कुठलं होतं कोण जाणे, बाईंचा राक्षस मुंबईला वर यायचा, कसारा घाट चढायचा आणि नाशकात येऊन गंगापूर धरणाच्या भिंतीवर हनुवटी टेकून बसायचा. एका वर्षी तो सातपूरच्या कारखान्यांवरून चालत गेला. ज्यांचे वडील तिथे नोकरीला होते ती पोरं त्या दिवशी धावत घरी गेली.

आणि तो यायचा कसा? आधी बाईंचा आवाज खाली खाली जायचा. मग काहीच ऐकू यायचं नाही. माझ्या वर्गात मी फळ्यावर पॅसिव्ह व्हॉइस लिहीत असायची आणि माझी पोरं वह्या सोडून भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. मग पलीकडे बाई दोन्ही हात डोक्यावर उंच उचलायच्या, हे मला केतकीने दाखवलं म्हणून माहीत, आणि ओरडायच्या, "उना! उना रे उना!" सगळा वर्ग किंचाळायचा. माझाही.

त्यावरून शाळेत राक्षसाचं नाव पडलं उना. पोरं मधल्या सुट्टीत उना उना खेळायची. स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं, हे कसलं हो नाव? इंग्रजी विषय माझा. मी म्हटलं, "लॅटिन आहे. उना म्हणजे एक. जगात एकच उरलेला प्राणी, म्हणून तसं नाव ठेवलं असणार." सगळ्यांनी माना डोलावल्या. भामरे बाईंच्या तोंडात बडीशेप होती. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, "असं व्हय?" म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं ठसका लागला.

केतकीला त्याच वर्षी कांजिण्या आल्या. मी रजा घेतली, तिच्या उशाशी बसून राहिले, मुगाचं पातळ वरण भरवलं, अंगाला लिंबाच्या पाल्याचं पाणी लावलं. तिसऱ्या दिवशी डोळे उघडून ती म्हणाली, "भामरे बाईंना बोलाव ना." आईला हे ऐकून काय होतं ते आईलाच कळावं. मी नवऱ्याला म्हटलं, पोरगी तापात बरळते आहे. पण तो भोळा, जाऊन निरोप देऊन आला.

दुपारी शाळा सुटल्यावर बाई आल्या. "मला येऊन गेल्यात कांजिण्या, मला काय व्हतंय" म्हणत थेट पलंगावर जाऊन बसल्या, मांडी घालून. मी चहाच्या निमित्तानं आत गेले आणि दाराआड उभी राहिले. त्या दिवशी उनाच्या अंगावर कांजिण्या आल्या होत्या. त्याचा एकेक फोड टरबुजाएवढा, खाजवायला हात पुरेनात म्हणून तो आग्रा रोडवरच्या विजेच्या खांबांना अंग घासत होता, आणि अख्ख्या नाशकाची लाइट जात होती. केतकी खो खो हसली. ती तीन दिवसांत पहिल्यांदा हसली होती. माझ्या हातातल्या चहावर साय धरली आणि पोटात असं दुखलं की मी तो चहा बाईंना तसाच गार दिला. त्या तोही आवडीने प्यायल्या.

त्या गेल्यावर मी केतकीजवळ बसले आणि म्हटलं, थांब, मी सांगते तुला. मी काही कमी नव्हते. आकाशवाणीवर श्रुतिका केलेली बाई मी, उच्चार स्वच्छ, आवाजात चढउतार. कुत्रं, पाईप, जहाजं, काही सुटू दिलं नाही. हातही वर केले. केतकीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या गालाला हात लावून समजुतीच्या सुरात म्हणाली, "आई, तू बरोबर सांगतेस. पण तो येत नाही."

पिकतं तिथं विकत नाही म्हणून मी मनाची समजूत घातली. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. त्यानंतर बाथरूममध्ये नळ सोडून मी कितीदा तरी त्या राक्षसाला बोलावून पाहिलं. तो आला नाही.

स्नेहसंमेलनात तर त्यांनी कहरच केला. मी इंग्रजी नाटक बसवलं होतं. दोन महिने तालीम, भाड्याचे पोशाख, पोरांना एकेक शब्द घोटून घेतलेला. माझ्यानंतर भामरे बाईंच्या वर्गाचा कार्यक्रम. त्यांच्या भावाने पिंपळगावला कुणाच्या तरी द्राक्षबागेतून काढून टाकलेल्या ठिबकच्या काळ्या नळ्या टेम्पोत घालून आणल्या होत्या. दिवे गेले, विंगेतून उनाचा हात होऊन एक नळी सरपटत आली, मग दुसरी, मग प्रेक्षकांच्या खुर्च्यांखालूनही यायला लागल्या. प्रत्येक नळीला पाचवीतलं एक पोर. पहिल्या रांगेतल्या प्रमुख पाहुण्यांनी पाय वर घेतले. आणि मग सगळा मांडव, आईबाप, आज्या, शिपाई, चहावाला, सगळे एका आवाजात ओरडले, "उना!" माझा नवराही ओरडला. दुसऱ्या दिवशी माझ्या नाटकाबद्दल माझ्याशी एकच जण बोलला, आणि तो पोशाख परत न्यायला आलेला माणूस होता.

पुढे केतकी मोठी झाली, पाचवीची बारावी झाली. तरी दर गुरुपौर्णिमेला फुलं घेऊन ती आधी भामरे बाईंकडे जायची. मीही शिक्षिकाच होते, पण मला ती 'हॅपी गुरुपौर्णिमा' म्हणायची, तेही डबा भरून घेताना.

मग एका रविवारी दुपारी, केबल टीव्हीवर चॅनेल बदलता बदलता मला ते कुत्रं दिसलं. एक कान काळा, एक पांढरा. पाण्याकडे बघून भुंकत होतं. मागून विझलेला पाईप घेऊन डॉक्टर आला. मी एवढ्या जोरात "केतकी!" म्हणून ओरडले की शेजारच्या काकूही धावत आल्या. आम्ही तिघींनी तो सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. माझ्या आनंदाला पारावार नव्हता. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा तो प्रकार. सगळा सिनेमाभर कोटातली माणसं एका खोलीत बसून बोलत होती. राक्षस येऊन जाऊन तीनदा दिसला, आणि दिसला तेव्हा रबराचा आहे हे शेजारच्या काकूंनाही कळलं. टबात सोडलेली खेळण्यातली जहाजं त्याने उलटवली. शेवटी पाणबुडीतून काहीतरी मारलं आणि तो बुडाला. संपलं.

"बघितलंस?" मी केतकीला म्हटलं. "हा तुझा उना!"

केतकी पडद्याकडे बघत होती. "बाईंनी केवढं केलं गं याचं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "आई, त्यांना सांगू नकोस हं."

न सांगता मी राहणार कशी? सोमवारी मधल्या सुट्टीत भामरे बाईंनी डबा उघडायच्या आत मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली. "बाई, तुमचा पिक्चर काल टीव्हीवर होता. पूर्ण पाहिला. शेवट माहीत आहे का तुम्हाला?"

भामरे बाईंनी दोन्ही हातांनी कान झाकले. थट्टा नव्हती ती. चेहरा पार उतरला होता. "नका सांगू ताई," त्या म्हणाल्या. "मी नाय पाहिलेला शेवट."

मग त्यांनी सांगितलं. त्या सहासात वर्षांच्या होत्या. गावच्या जत्रेत तंबूचा सिनेमा आला होता. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं, त्यामुळे सगळे नुसते बघत होते. कुत्रं भुंकत होतं ते एकाएकी थांबलं, पाणी फुगलं आणि पडद्यावर तो वर आला. "सगळा तंबू बोंबलला, उना रे उना! मागची माणसं उठून पळाली, कुणाचा तरी पाय दोरात अडकला आन् तंबूच खाली आला. अंधार, धूळ, माणसं. मी हात वर करून नुसती उभी. तर आमच्या दादांनी, म्हंजे वडलांनी, मला उचललं. खांद्यावर घातलं न् पळत सुटले, पार घरापर्यंत. आमचे दादा लय कडक. पोरीच्या जातीला जवळ घेणं त्यांना माहीत नव्हतं. त्याच्या आधी कधी उचललं नाय न् नंतर कधी नाय. तेवढं एकदाच."

त्यांचा डबा तसाच बंद होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "म्हणजे तंबूतल्या लोकांना त्याचं नाव ठाऊक होतं?"

"कुणाचं?"

"उनाचं."

भामरे बाईंनी डोळे पुसले आणि हसायला सुरुवात केली. "ओ ताई! उना म्हंजे आला! आमच्याकडच्या बोलीत आला म्हंजे उना, आली म्हंजे उनी. ते नाव नाय हो!"

"मग इतकी वर्षं मला बोलला का नाहीत?"

"तुम्ही ते लॅटिनचं इतकं छान सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, असंल बाई तिकडंबी."

शेवट सांगायचा माझ्या हातचा तो डाव गेलाच, वर मी हसं करून घेतलं. पण घरी येताना माझ्या डोक्यात घोळत होते ते त्यांचे दादा. माझ्या वडिलांनी मला पुष्कळ इंग्रजी सिनेमे दाखवले, चांगल्या थिएटरात, बाल्कनीत. घरी आल्यावर त्यावर चार वाक्यं इंग्रजीत लिहून घेत. मला खांद्यावर घालून ते कधी पळाले नाहीत, तशी वेळच आली नाही. त्या दिवशी मला भामरे बाईंच्या पडलेल्या तंबूचाही हेवा वाटला.

त्या निवृत्त झाल्या आणि कळवणला भावाकडे राहायला गेल्या. साखरेचा आजार जुना, पथ्य त्यांनी कधी पाळलं नाही, त्यात आधी पाय लुळे पडले, मग डोळे गेले. केतकी नोकरीसाठी बंगळूरला होती. तिचं लग्न ठरलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "आई, देवाला पत्रिका ठेवलीस की दुसरी भामरे बाईंना. पोस्टाने नाही, तू स्वतः जा." कुणाच्या लग्नात कुणाचा मान, असं मनात आलंच. पण गेले. दिंडोरी, वणी करत एसटी दुपारी कळवणला पोचली.

भावाचं घर मळ्यात, बाजूला कांदे साठवायची चाळ. ओट्यावर खाट टाकलेली आणि खाटेवर भामरे बाई, निम्म्या झालेल्या. मांडी मात्र घातलेली होती, बहुतेक कुणीतरी घालून दिली असावी. भावजय आतून येऊन त्यांच्या कानाशी म्हणाली, "नाशिकनी बाई उनी शे."

बाईंचा सगळा चेहरा फुलला. "कोन? केतकी उनी का?"

तिथेही तेच. एवढं ऊन खात मी गेले आणि तिथेही तेच. "केतकी नाही, केतकीची आई," मी म्हटलं.

"माय वं! ताई!" त्यांनी हवेत हात पुढे केला. मी तो धरला आणि पत्रिका त्यांच्या दुसऱ्या हातात दिली. त्यांनी पत्रिकेवरून बोटं फिरवली, नाकाला लावून अत्तर हुंगलं, लग्नाचं सगळं विचारून घेतलं. नवरा मुलगा काय करतो, केतकी अजून बोटं मोडते का, तिला वांगं आवडायला लागलं का. वांग्याचं मला आठवत नव्हतं, त्यांना आठवत होतं.

मग त्यांनी पत्रिका मांडीवर ठेवली. म्हणाल्या, "ताई, मला पिक्चर सांगा ना."

"मी?"

"आता मला काय दिसतंय? जन्मभर मीच सांगितला. मला कुणी सांगितलाच नाय. शेवटबी सांगा. आता चालंल."

हीच एक गोष्ट मला येत नाही, हे मी त्यांना कसं सांगणार होते? मी सुरुवात केली. उच्चार स्वच्छ ठेवायचा प्रयत्न केला आणि पहिल्या दोन वाक्यांतच मला माझाच कंटाळा आला. मग मी ते सोडलं. म्हटलं, बाई, बंदर आहे. चणकापूर धरणासारखं पाणी, तसली शंभर. काठावर कुत्रं आहे. मागे ट्रकांच्या रांगेसारखी जहाजं. कुत्रं भुंकतंय. कुणी बघत नाही. डॉक्टर सांगून थकला, तोही घरी गेला. भुंकतंय. त्याचा आवाज बसला तरी भुंकतंय. आणि बाई, कुत्रं थांबलं.

पुढचं वाक्य मला सुचेना. चाळीतल्या कांद्यांवरून वारा येत होता, आत भावजय भांडी ठेवायची थांबली होती. मी बाईंचा हात धरून नुसती बसून राहिले. आणि त्यांची बोटं माझ्या मनगटाभोवती हळूहळू आवळत गेली. न दिसणारे डोळे मोठे झाले.

"उना," भामरे बाई हळूच म्हणाल्या.

तो खरंच आला होता, की माझ्यासाठी म्हणाल्या, कोण जाणे. त्यांना दोन्ही जमण्यासारखं होतं. मी विचारलं, "पुढं सांगू? शेवट?"

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "उना ना, बास."

निघाले तेव्हा ऊन ओट्यावर चढलं होतं. फाटकापाशी पोचते तोच मोबाइल वाजला. केतकी. "भेटलीस बाईंना? काय म्हणाल्या? मला विचारलं?"

"विचारलं की. वांग्याचंसुद्धा."

"आणखी?"

"उना म्हणाल्या."

"कुणाला?"

"मला," मी म्हटलं. "मी सांगितला पिक्चर."

पलीकडून ती बारीक आवाजात म्हणाली, "तुझ्या सांगण्यात आला?" त्या आवाजातलं दुखणं मी लगेच ओळखलं. माझंच होतं ते, माझ्याकडून तिच्याकडे गेलेलं.

मी मागे वळून पाहिलं. बाईंना उन्हातून आत न्यायला भाऊ ओट्यावर आला होता. त्याच्या पावलांचा आवाज ऐकून भामरे बाईंनी दोन्ही हात डोक्यावर उंच उचलले, वर्गात उचलायच्या अगदी तसेच. भावाने वाकून त्यांना खांद्यावर घेतलं आणि तो सावकाश घरात गेला.